मधली खुर्ची

गाणे आवडणे हा व्यवहार वरवर पाहता एकट्याचा असला, तरी ते आवडल्याची खात्री पटण्यासाठी मनुष्याला एक साक्षीदार लागतो, हे या शौकाचे मोठे चमत्कारिक लक्षण आहे. ग्रंथांचा संग्राहक आपली पुस्तके कपाटात बंद करून, किल्ली कनवटीला लावून सुखाने झोपू शकतो. जुन्या नाण्यांचा शौकीन तर आपल्या ठेव्यावर परक्याची नजर पडू नये याचीच दक्षता घेतो. परंतु ज्याच्या घरी ध्वनीचे एक बरेसे यंत्र आहे आणि त्यावर वाजवण्याजोग्या शे-दीडशे तबकड्या आहेत, तो गृहस्थ दिवेलागण झाली की ओट्यावर येऊन उभा राहतो, आणि रस्त्याने जाणारा ओळखीचा इसम, मग तो पतपेढीच्या वसुलीला निघालेला असो की संत्र्याच्या बगीच्याचा सौदा करून परतणारा असो, नजरेस पडताच त्याला "या नं भाऊ, एक चीज ऐकवतो" अशी गळ घालून आत आणतो. त्या इसमाला कामाची घाई आहे, गाण्यात त्याला विशेष गती नाही, मागच्या खेपेस त्याने दोन वेळा जांभई दिली होती, या सर्व हरकती त्या क्षणी नामंजूर होतात. महसूल खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेला मी अशाच गृहस्थांपैकी एक असून, माझी ही सवय चांदूर बाजारात आता बऱ्याच जणांना ठाऊक झाल्यामुळे काही मंडळी संध्याकाळी मागच्या गल्लीने जातात, असेही माझ्या कानावर आले आहे.

चांदूर म्हटले की बाहेरच्या माणसाचा हमखास घोटाळा होतो, कारण अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत: एक मुंबई-हावडा लोहमार्गावरचे चांदूर रेल्वे, आणि दुसरे, संत्री, कापूस आणि तूर यांच्या उलाढालीत मग्न असलेले आमचे चांदूर बाजार. नरखेड-बडनेरा मार्ग होईपर्यंत आमच्या शिवेवर इंजिनाची शिट्टी कधी वाजली नव्हती. त्या काळात मुंबईच्या एका दुकानदाराने मी मागवलेल्या तबकड्यांच्या पार्सलावर 'चांदूर, जिल्हा अमरावती' एवढाच त्रोटक पत्ता घातला, पार्सल त्या दुसऱ्या चांदुरी जाऊन पडले, आणि वैशाखातल्या उन्हात तिथेच मुक्काम झाल्यामुळे आतली एक तबकडी कडेने वर उचलली गेली. ती मी टाकून दिलेली नाही. सुई त्या चढावर चढते, उतरते, आणि दर फेऱ्याला सूर किंचित हेलकावा खातो. आमच्याकडे येणाऱ्या एका भाविक रसिकांनी त्या हेलकाव्याला गायिकेची आंदोलने समजून "वाहवा" म्हटले होते, आणि त्यांचा तो आनंद हिरावून घेण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

माझे यंत्र स्टिरिओचे आहे, आणि स्टिरिओ ज्याला म्हणतात त्याची मूळ कल्पना 1931 साली ईएमआय या इंग्रजी कंपनीतील ॲलन ब्लमलाइन नावाच्या अभियंत्याला सुचली. बोलपट पाहताना पात्र पडद्याच्या एका कडेला उभे असते आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडूनच येतो, ही विसंगती त्याला खटकली, अशी हकीकत सांगतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने पेटंटासाठी जो अर्ज दाखल केला, त्यात तबकडीवरच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर, त्या परस्परांशी काटकोनात ठेवून, दोन स्वतंत्र ध्वनी कोरण्याची युक्तीही त्याने नमूद करून ठेवली होती. पुढे महायुद्धात, रडारच्या चाचणीवर निघालेले विमान कोसळून 1942 साली, वयाच्या अवघ्या 38व्या वर्षी, तो गेला. आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्रास मिळू लागल्या त्या 1958च्या सुमारास. अर्थात ज्याने खाच कशी कोरावी ते सांगितले, त्याला ती खाच दुकानात विकायला आलेली पाहता आली नाही. आतल्या भिंतीवर डाव्या बाजूचा आवाज, बाहेरच्या भिंतीवर उजव्या बाजूचा, आणि दोन्ही भिंतींना एकाच वेळी स्पर्श करीत जाणारे सुईचे ते केसाएवढे टोक: एवढ्या सूक्ष्म सरंजामावर सबंध वाद्यवृंद आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन बसतो. मात्र तो नीट बसण्यासाठी ऐकणाऱ्यालाही नीट बसावे लागते. आवाजाच्या दोन पेट्या ही त्रिकोणाची दोन टोके मानली, तर तिसऱ्या टोकाला, दोन्हींपासून सारख्या अंतरावर, श्रोत्याचे मस्तक यावे लागते. आवाजाला एक फूट अंतर तोडायला सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो, आणि आपला कान तेवढ्या विलंबावरूनही दिशेचा निवाडा करीत असतो. त्यामुळे खुर्ची हातभर डावीकडे सरकली की गायिका, सारंगिया आणि तबलजी अशी सगळी मैफल डाव्या पेटीत जाऊन दाटीवाटीने बसते.

याचा अर्थ असा की उत्तम स्टिरिओच्या खोलीत खरी खुर्ची एकच असते, आणि बाकीच्या सर्व जागा नाममात्र. जुन्या मोनो तबकडीची व्यवस्था आमच्या वऱ्हाडच्या रयतवारीसारखी होती: जो जिथे बसला तिथे त्याला अख्खे गाणे पोचत असे, कोणाच्या वाट्याला पेटी आणि कोणाच्या वाट्याला पावा असा पंक्तिप्रपंच नव्हता. स्टिरिओने तो सगळा वसूल एका आसनाच्या नावे लावून दिला. आता अशा आसनावर यजमानाने स्वतः बसावे आणि पाहुण्याला दाराशेजारच्या तख्तपोसावर बसवावे, ही गोष्ट आमच्याकडे कोणाच्या कल्पनेतही येणार नाही; ताटात पहिली पोळी पाहुण्याच्या पडते, तशी मधली खुर्चीही पाहुण्याचीच. त्यामुळे गेली कित्येक वर्षे चारचौघांत माझी अत्यंत आवडती गाणी मी उजव्या पेटीच्या कुशीत बसून, तिरपी, अर्धीमुर्धी ऐकत आलो आहे. सतार मला ऐकू येते आणि बासरी तर्काने जाणावी लागते. रात्री सगळे निजल्यावर त्या खुर्चीचा ताबा माझ्याकडे येतो हे खरे, पण तेव्हा ऐकणे निराळे असते. त्या ऐकण्याला साक्षीदार नसतो.

मात्र गाणे तिरपे ऐकणाऱ्याला पाहुण्याचा चेहरा समोरून दिसतो, आणि ही भरपाई कमी नव्हे. काही पाहुणे सुईकडे एकटक पाहतात, जणू ती पळून जाणार आहे. काही पायाने ताल धरतात आणि तो सम सोडून अन्य सर्व ठिकाणी बरोबर पडतो. काहींचा चेहरा पहिल्या ओळीपासूनच दाद देण्याच्या तयारीत असतो. अशांना काय ऐकवावे हाच प्रश्न पडतो, कारण त्यांना भूपाळी आणि बँडबाजा सारखाच प्रिय. बाजारपेठेतले एक अडते आले होते, ते डोळे मिटून, मान खाली घालून इतके निश्चल बसले की मला वाटले यांच्या अंतःकरणाला काही तरी भिडले, गाणे संपताच डोळे उघडून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "केवढ्याले पडला जी हा डब्बा?"

खोलीविषयी सांगायचे तर, ध्वनीच्या बाबतीत वऱ्हाडातल्या जुन्या धाब्याच्या घराइतके सुदैवी घर दुसरे नसेल असे माझे मत आहे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागवानी पाटण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. सिमेंटच्या खोलीत टाळी वाजवली की तिचे चार तुकडे होऊन परत येतात, इथे ती वाजते आणि संपते. त्यातही माझ्या खोलीला एक ऋतुचक्र आहे. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की शेजारच्या खोलीत कापूस भरायला लागतात, आणि भाव मनासारखा येईपर्यंत तो ढीग उघड्या दारातून छताला टेकलेला दिसत राहतो. खर्जाच्या लाटा कित्येक फूट लांबीच्या असतात, त्यांना एखादी पातळशी सतरंजी अडवू शकत नाही. पण पुरुषभर उंचीच्या कापसात शिरलेली लाट तंतूंच्या जाळीत घासून घासून दमते आणि तिथेच विरते. म्हणून कार्तिकापासून माघापर्यंत माझ्या खोलीत डग्ग्याची थाप स्वच्छ पडते, आणि कापूस विकला गेला की फाल्गुनापासून तीच थाप भिंतीवरून परत येऊन पुढच्या थापेच्या अंगावर पडू लागते. 1972 साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाल्यानंतर केंद्रांवर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत आणि माल घरात पडून राही. काश्तकाराच्या घरातला एक म्हणून मी त्या विलंबावर इतरांइतकाच चडफडत असे, पण तबकडी लावली की माझ्यातला श्रोता गुपचूप ती रांग आणखी लांबो अशी इच्छा करी. शेती पाहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने हे बरोबर ओळखले होते. "दादा, भाव आला हाये," तो एकदा वैतागून म्हणाला, "तुमच्या तबल्यापायी का कापूस घरात ठेवून देऊ मी?"

या खोलीत आजवर जे श्रोते येऊन गेले, त्यांत खरा कान पाहिला तो आमच्या गावच्या एका तबलाशिक्षकांचा. त्यांना सगळे नुसते गुरुजी म्हणतात. त्यांना मी प्रथम सुरेश भटांचे 'मालवून टाक दीप' ऐकवले. भट 1932 साली अमरावतीला जन्मले, म्हणजे आमच्या जिल्ह्याचेच. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आणि आवाज लताबाईंचा. गाणे संपल्यावर गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुन्हा लावा. श्वास कुठं घेतला ते पाहू." पुन्हा लावले. ते खुर्चीच्या काठावर येऊन, हनुवटी मुठीवर टेकवून, एखादा तपासनीस जमाखर्चाच्या वह्या चाळतो त्या चिकाटीने एकेक ओळ तपासत होते, आणि ओळीच्या शेवटी दर वेळी नकारार्थी मान हलवत होते. मायक्रोफोनसमोर श्वास कुठे आणि कसा घ्यावा, की तो ऐकणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नये, हे आपल्याला संगीतकार अनिल विश्वास यांनी शिकवले, असे लताबाई कृतज्ञतेने सांगत असत. साध्या रेडिओवर हा गुण कळतच नाही, कारण तिथे श्वासच काय, निम्मी वाद्येसुद्धा हरवलेली असतात. यंत्र जितके चांगले, तितका तो न सापडणारा श्वास अधिक आश्चर्याचा वाटू लागतो. कारण तंबोऱ्याच्या तारेवरून सुटणारे बोट ऐकू येते, तबल्याच्या शाईवरून सरकणारा तळवा ऐकू येतो, आणि गाणाऱ्या स्त्रीच्या छातीत हवा कधी गेली हे मात्र शेवटपर्यंत उमगत नाही. जब्बार पटेलांच्या 1982 सालच्या 'उंबरठा'मधले भटांचे 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' हेही गुरुजींनी याच दृष्टीने तपासले. तिथेही त्यांना यश आले नाही, आणि त्या अपयशाने ते इतके प्रसन्न झाले की घरी जाताना आपली छत्री माझ्याकडेच विसरून गेले.

वऱ्हाडचा आणि तबकडीचा संबंध मात्र सुरेश भटांच्याही पूर्वीचा आहे. मेहकरचे वकील आणि कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता नागपूरचे गायक जी. एन. जोशी यांनी 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एचएमव्हीच्या तबकडीवर गायिली, आणि मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ जाणकार त्या तबकडीपासून धरतात. मिनिटाला 78 फेरे घेणारी ती लाखेची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचा अवकाश, आणि त्यात एक माणूस आपले सगळे अंतःकरण ओतून देणार. हेच जोशी पुढे एचएमव्हीत दाखल झाले आणि इतरांची ध्वनिमुद्रणे करवून घेण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. आणि 1967 साली त्यांनी जी दीर्घ तबकडी सिद्ध केली, ती 'कॉल ऑफ द व्हॅली', माझ्या संग्रहातली सर्वांत अधिक वेळा लावली गेलेली चीज आहे. शिवकुमार शर्मा संतुरावर, हरिप्रसाद चौरसिया बासरीवर, ब्रिजभूषण काब्रा गिटारवर आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, अहिर भैरवापासून सुरू होऊन पिलू, भूप, देस अशा वाटेने पहाडीपर्यंत गेलेला. संतूर हे वाद्य यंत्राची खरी परीक्षा घेते. त्याच्या तारा शंभराच्या घरात, आणि त्यांवर लाकडी कलमांनी आघात करावयाचा. आघाताचा आवाज कोणतेही यंत्र देते, पण आघातानंतर विरत जाणाऱ्या स्वराचे जे शेपूट मागे उरते, आणि ते संपण्यापूर्वीच त्याच्यावर पुढच्या स्वराचे शेपूट येऊन पडते, ते सगळे निरनिराळे ठेवून देणे हे फार थोड्या यंत्रांना साधते. ज्या माणसाने तीन मिनिटांच्या तबकडीवर रानातली शीळ घातली, त्यानेच तीन वाद्यांना तीन स्वतंत्र आसने देऊन एवढा विस्तीर्ण दिवस उभा केला, ही गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. आणि ती सांगत असताना सुरुवातीचा निम्मा आलाप वाया जातो, अशी घरच्यांची कायमची तक्रार आहे.

याच अनुषंगाने एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवतो. वेष्टनावर 'स्टिरिओ' असे छापलेले असले म्हणजे आत स्टिरिओ असतेच असे नाही. एचएमव्हीच्या तबकड्यांवर क्रमांकाआधी ईसीएलपी ही अक्षरे असली की मोनो आणि ईसीएसडी असली की स्टिरिओ, एवढी खूण जुन्या शौकिनांना पाठ असे. पण मधल्या काळात मूळ मोनो मुद्रणावरच विजेची काही करामत करून, जाड आवाज एका पेटीत आणि बारीक दुसऱ्या पेटीत ढकलून, त्यालाही स्टिरिओ म्हणून विकण्याची टूम निघाली होती. हा सरळसरळ बनावट दस्तऐवज होय. अशा तबकडीवर गायिकेचा गळा डाव्या बाजूला आणि तिचे 'स' नि 'श' उजव्या बाजूला ऐकू येतात. कॅसेटच्या जमान्यात जुन्या गाण्यांवर झांजा आणि ढोलकीचे ठोके चढवून 'झंकार' नावाने विकले, तो प्रकार याहूनही हीन. मोनो गाणे मोनोच ऐकावे. दोन पेट्यांमधून सारखाच आवाज निघाला की तो बरोबर मधोमध, जिथे लाकूड नाही, कापड नाही, नुसती हवा आहे तिथे उभा राहतो, आणि यात कमीपणा कोणता? 'पाकीजा'मधल्या 'चलते चलते'च्या अखेरीस येणारी आगगाडीची शिट्टी ही अशीच हवेतून येते. गावाला रेल्वे आल्यानंतरच्या काळात, मधल्या खुर्चीवर बसलेले माझे एक व्याही ती शिट्टी ऐकताच घड्याळ पाहून पिशवी उचलू लागले, आणि त्यांना पुन्हा खाली बसवण्यासाठी गाणे आरंभापासून लावावे लागले. यंत्राला याहून मोठे प्रशस्तिपत्र मी मागितलेले नाही.

परंतु मोनोच्या बाबतीत सर्वांत विलक्षण प्रसंग पाहिला तो गाडगेबाबांच्या कीर्तनाच्या वेळी. 1956च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. त्यानंतर दीड महिनाही लोटला नाही तोच, 20 डिसेंबरला, आमच्यापासून फार दूर नसलेल्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. त्या मुद्रणात संगीत म्हणण्यासारखे थोडे; खरखर भरपूर, टाळांचा गलका, आणि त्यातून वर येणारा, घासलेला, अस्सल वऱ्हाडी बोलीतला तो आवाज, श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारणारा. आमच्या शेतावर अनेक वर्षे काम करून थकलेले एक म्हातारबा आहेत, आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. त्यांना मी आग्रहाने मधल्या खुर्चीवर बसायला सांगितले. "नाही जी, मले खुर्ची-बिर्ची जमत नाही," म्हणून ते दाराशी, कापसाच्या ढिगाला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन बसले, आणि खुर्ची तशीच रिकामी राहिली. कीर्तन सुरू झाले. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, वांद्र्याच्या समुदायाने उत्तर दिले, आणि त्या उत्तरात आबाजींचाही आवाज मिसळला. मला आधी वाटले ते सहज पुटपुटले असतील; पण दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी मान वर करून, दोन पेट्यांमधल्या रिकाम्या जागेकडे पाहत, चांगले मोठ्याने उत्तर दिले, आणि तिसऱ्याला तर समुदायाच्या आधीच. दारू, कर्ज, पोरांची शाळा असे प्रश्न येत गेले आणि आबाजी हजेरी देत राहिले. एके ठिकाणी ते अडखळले. बाबा पुढे निघून गेले. फीत संपल्यावर पागोट्याच्या शेवाने तोंड पुसून ते मला म्हणाले, "अजून एक डाव लावा नं, बापू. त्या एका सवालाचं मले बराबर उत्तर देता आलं नाही." मी कीर्तन पुन्हा लावले. त्यांनी त्या ठिकाणी या वेळी कोणते उत्तर दिले ते मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या आणि बाबांच्या दरम्यानचे आहे. आमच्याच तालुक्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती आणि इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन, केवळ कानांच्या बळावर, त्यांनी एवढे पांडित्य संपादन केले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण कानाने एखाद्यासमोर जाऊन उभे राहता येते, हे मी त्या संध्याकाळी प्रत्यक्ष पाहिले.

माझी भाची पुण्याला नोकरी करते. तिचा गाणी ऐकवण्याचा शौक माझ्याहून तिळमात्र कमी नाही. फरक एवढाच की ती मोबाइलवर बोट फिरवते आणि तीच चीज एका क्षणात चाळीस जणांच्या खिशात जाऊन पडते. मी तिला या गोष्टीवरून कधी नावे ठेवत नाही, कारण त्या खटाटोपामागची कळ मला पूर्ण परिचयाची आहे. पण त्या चाळिसांपैकी एकाचाही चेहरा तिला दिसत नाही, याची मला हळहळ वाटते. गेल्या दिवाळीला ती आली होती. शेजारच्या खोलीत नुकताच कापूस भरला होता, वीजही त्या दिवशी शहाण्यासारखी वागत होती, आणि जेवणे आटोपल्यावर तिने "मामा, तुमचं सगळ्यांत आवडतं लावा" अशी फर्माईश केली. आवडत्यांत सगळ्यांत आवडते निवडणे हे माझ्यासारख्याच्या दृष्टीने मोठे संकट. अखेर शांताबाई शेळके यांचे, हृदयनाथांनी चाल दिलेले आणि आशाबाईंनी गायिलेले 'जिवलगा' लावले. ती मधल्या खुर्चीवर बसली होती आणि मी माझ्या वहिवाटीच्या जागी, तख्तपोसावर. गाणे संपले, तशी ती उठली, माझ्या हाताला धरून मला खुर्चीपाशी नेले आणि म्हणाली, "आता तुम्ही बसा." मी सुई नीट ठेवायची कशी ते बसल्या जागेवरून सांगू लागलो, तोवर तिने ती ठेवलीसुद्धा होती, आणि ती जाऊन माझ्या तख्तपोसावर, दाराशेजारी, माझ्याकडे तोंड करून बसली.

चारचौघांत त्या खुर्चीवर बसण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. गाणे सरळ, अखंड, दोन्ही बाजूंनी येत होते. मधोमध आशाबाई उभ्या होत्या, आणि गेली कित्येक वर्षे पाहुण्यांसमवेत ऐकताना जी वाद्ये मी तर्काने जाणली होती, ती आज आपापल्या जागी बिनचूक हजर होती. परंतु माझे लक्ष त्यांच्याकडे पुरते लागेना, कारण माझ्या चेहऱ्यावर कोणाची तरी नजर आहे हे मला क्षणाक्षणाला जाणवत होते. डोळे मिटावेत, तर तो अडत्यांचा आव वाटेल. मान हलवावी, तर ती समेवर पडलीच पाहिजे. पाय हलवण्याचा तर प्रश्नच नाही. आयुक्तांची तपासणी चालू असताना दप्तराजवळ उभे राहून मी जो चेहरा वर्षानुवर्षे धारण केला होता, तोच नकळत माझ्या तोंडावर येऊन बसला, आणि गाणे संपून सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत टकटक करू लागली तरी तो निघेना.

"मामा," भाची जरा हिरमुसून म्हणाली, "नाही का आवडलं?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ती कपाटात दुसरी तबकडी शोधू लागली.